अंगठी निघत नाही

राळेगाव, १५ ऑक्टोबर १९६२, सोमवार

आज दवाखान्यातल्या नर्सबाईला मी उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं. आली ती हातात रिकामी बाटली घेऊनच आली. म्हणते, "द्वारकाबाई, सूनबाईंना सातवा लागला ना, उद्या सकाळची पहिली लघवी यात भरून दवाखान्यात पाठवा. तपासायला लागते."

मी म्हटलं, बाई, हे सोवळ्याओवळ्याचं घर आहे. इथे कोणी असलं काही बाटलीत भरून ठेवत नाही. आणि भर बाजारातून ती बाटली मिरवत न्यायची कोणी? सुनेनं, का तहसील कचेरीतून रिटायर झालेल्या तिच्या सासऱ्यानं? ती हसलीसुद्धा नाही. "तुम्ही आणा," म्हणाली. ऐका! पोरगी पंचविशीची, लग्न नाही, मूल नाही, आणि मला बाळंतपण शिकवून राहिली. माझी सगळी बाळंतपणं तुळसाबाई सुइणीनं केली, तिनं कधी बाटली मागितली नाही.

रजनी दाराआडून ऐकत होती. लाजून लालबुंद. तिला म्हटलं, घाबरू नको, मी बसली आहे ना. बिचारीचं माहेर उमरखेडला, पण आई लहानपणीच गेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, पण तिथे बाप न् भाऊ, करणार कोण? म्हणून मीच तिच्या वडिलांना शब्द दिला की इथेच करीन, पोटच्या पोरीसारखं. सदाशिव आमचा यवतमाळला कलेक्टर कचेरीत. तिथे त्याला अजून घर मिळालं नाही, जमेल तेव्हा शनिवारी येतो. तेव्हा सगळी जोखीम माझ्यावर.

बाटली चांगल्या काचेची होती. गोडेतेलाला होईल म्हणून आधी कोनाड्यात ठेवली. मग मनात आलं, मेलं त्यात आधी कोणाकोणाचं भरलं असेल! न्हाणीमागे नेऊन टाकली.

२४ ऑक्टोबर, बुधवार

डोहाळजेवण झालं. हिरवं लुगडं, फुलांचे दागिने, झोपाळा. बाया म्हणत होत्या, द्वारकाबाई, सून काय दिसून राहिली हो! खरंच दिसत होती. लग्नात अगदी काडी होती, गालफडं बसलेली. आता चेहरा कसा गोल, गरगरीत. कासारणीनं लग्नातल्या मापाच्या बांगड्या काढल्या तर त्या चढेनात, एक माप वरच्या भरल्या. तिच्या आईची अंगठी आहे बोटात. आईची एवढीच एक वस्तू तिच्याकडे. लग्नात इतकी सैल होती की मीच तिला दोरा गुंडाळून दिला होता. आज तो दोरा कापून टाकला, तरी घट्ट बसली. रोजचं तूप, मेथीचे लाडू, खारीक, सगळं अंगी लागलं म्हणायचं.

तुळसाबाई म्हणाली, पोट छान आहे, मूल वर आहे. तिला लुगडं दिलं.

शेजारच्या रेडिओवर सारखी चीनची बातमी. हे जेवायलासुद्धा रेडिओच्या भिंतीकडे कान करून बसतात. मी म्हटलं, आज तरी सुनेचं कौतुक बघा. तर म्हणतात, "सीमेवर पोरं मरून राहिली, तुला पेढ्यांची पडली." कर्म माझं.

रात्री तिची दृष्ट काढली. एवढ्या बायांच्या नजरा.

३ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळी झाली. सदाशिव दोन दिवस येऊन गेला. युद्धामुळे कचेरीत सुट्ट्या बंद, आता कधी येईल देव जाणे.

रजनीचे पाय सुजले. जोडवी रुतायला लागली म्हणून काढावी म्हणत होती. मी म्हटलं, सवाष्णीनं जोडवी काढायची नसतात, साबण लावून जरा सैल कर. चकल्या तळायला उभी राहिली ना, त्यानं सुजले असतील. पायावर बोट दाबलं की खळी पडते न् तशीच राहते. तीच मला हसत हसत दाखवत होती, "आई, बघा, भिजवलेल्या कणकेसारखं!" मलाही हसू आलं. तुळसाबाई म्हणाली, पाय सुजले म्हणजे मुलगा. बोलल्याप्रमाणे होवो.

खारं मात्र फार मागते. लोणच्याचा खार नुसता बोटानं चाटते. डोहाळे आहेत, देते मी.

७ नोव्हेंबर, बुधवार

गावात सैन्याच्या फंडासाठी सोनं गोळा करणार. तहसीलदारांच्या बायकोनं महिला मंडळाची बैठक बोलावली आणि माझ्या गळ्यात माळ पडली. म्हणजे मी प्रमुख. पुढच्या गुरुवारी शाळेच्या पटांगणात कार्यक्रम. घरोघर जायचं, एकेक तरी दागिना मागायचा. मी माझ्या पाटल्या देणार. यांना सांगितलं तर पहिल्यांदाच माझ्याकडे बघून मान हलवली.

सकाळी रुपीबाईजवळ बोलले. रुपीबाई लमाणी, तांड्यावरून दूध घालायला येते. तिनं वरून धार धरायची, मी खालून पातेलं धरायचं, शिवाशिव नको. दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आरशांची चोळी, आणि बोलणं म्हणजे गाडीचं चाक सुटल्यासारखं. पण आज तिनं रजनीला अंगणात बघितलं न् एकदम गप्प झाली. काय झालं म्हटलं तर म्हणते, "माह्या भुरीची सय आली, बाई."

भुरी म्हणजे तिची थोरली सून, लखीरामाची बायको. होळीच्या सुमारास पोटुशीच गेली. हे मला माहीत नव्हतं. रुपीबाई सांगत होती, "बाई, चांगली धडधाकट पोरगी. कापूस येचे. मंग तोंड सुजलं. हातातल्या बांगड्या चावून राह्यल्या म्हने. डोकं धरून बसे. एक दिवस दुपारी उठली न् म्हने, याडी, माय वो, आग लागली, ठिनग्या उडून राह्यल्या! आग कुठं? कुठंच नाई. मंग झटके आले. भगत म्हने बाहेरचं हाये. त्यानं कडूलिंबाच्या फोकानं झाडलं, मी तिचे हात दाबून धरले. दिवस बुडायच्या आंत गेली. पोट तसंच."

ऐकून अंगावर काटा आला. तांड्यावर काय नि काय असतं बाई, भुतंखेतं, करणी. रजनीला मी लगेच घरात बोलावलं. पोटुशीनं असलं ऐकू नये. रुपीबाईच्या डोळ्यांना धार लागली होती. मी आतून तिला गूळ आणून दिला.

११ नोव्हेंबर, रविवार

आज माझं डोकं फिरलं आहे.

घरोघर जाऊन आले. कोणी कुड्या दिल्या, कोणी नथ. मारवाड्याच्या सुनेनं गोठ दिले. घरी येऊन रजनीला म्हटलं, आपल्या घरातून माझ्या पाटल्या आहेतच, पण तूही काही दे, प्रमुखाच्या सुनेचे हात मोकळे कसे दिसतील? ती म्हणाली, "आई, माझ्याजवळ मंगळसूत्राशिवाय अंगठीच आहे." मी म्हटलं, मग अंगठी दे. एकदम तिचं तोंड उतरलं. आईची आहे ना. पण "देते" म्हणाली. आणि मग बसली बोट ओढत. साबण लावला, तेल लावलं, दोरा गुंडाळून बघितला. निघेना. बोट लाल झालं, पेरापाशी फुगून आलं.

मी बोलून गेले. म्हटलं, द्यायची नसेल तर तसं सांग, हे नाटक कशाला? लग्नात दोऱ्याशिवाय थांबत नव्हती ती अंगठी, आज देशासाठी मागितली तर निघेना!

 ती डोकं दुखतं म्हणून जाऊन झोपली. दिवसाढवळ्या.

मला वाईट वाटलं. पण राग जात नाही. आम्ही काय दिलं नाही आयुष्यात?

१३ नोव्हेंबर, मंगळवार

अबोला आहे. म्हणजे मी बोलत नाही, ती तर "आई, आई" करतेच.

डोकं तिचं काही थांबत नाही. सुंठ उगाळून लावली. कपाळाला पट्टी बांधून स्वयंपाक करते. मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या, चुलीत तडतडल्याच नाहीत, म्हणजे दृष्टच असणार. यांनी विचारलं, नर्सबाईला बोलवायचं का? मी म्हटलं, ती पुन्हा बाटली घेऊन येईल. हे म्हणाले, "येऊ दे की."  गुरुवारचा कार्यक्रम झाला की बघू. आत्ता मला मान वर करायला फुरसत नाही.

सकाळी उठली तर डोळे अगदी सुजून बारीक झालेले. रडली असेल रात्रभर अंगठीपायी. मला मेलीला बोलता येत नाही धड. आज तिच्या आवडीचं भरीत केलं, तिनं दोन घास खाल्ले.

१५ नोव्हेंबर, गुरुवार

कार्यक्रम फार छान झाला. पटांगण भरलं होतं. मी पाटल्या काढून तबकात ठेवल्या तेव्हा टाळ्या. हातांना नुसतं हलकं वाटतं.

रजनी मागे बसली होती. मंडळाच्या बायांची नावं वाचायला तिलाच सांगितलं होतं, शिकलेली आहे. कागद हातात घेतला न् म्हणाली, "आई, अक्षरं हलताहेत." मला सगळ्यांसमोर अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग दुसरीनं वाचलं. घरी येताना वाटेत तिला उलटी झाली, छातीखाली उजवीकडे दुखतं म्हणाली. पित्त. दुपारभर उन्हात बसली, पोटात अन्न नाही, होणारच. आवळ्याचा पाक दिला.

अंगठी अजून बोटात आहे. मी बघितली, पण बोलले नाही.

यवतमाळ, १९ नोव्हेंबर, सोमवार

दवाखान्याच्या ओट्यावर बसून लिहीत आहे. 

शुक्रवारी सकाळी मी दूध घ्यायला दारात होते. रुपीबाईनं धार धरली होती. रजनी आत स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. तिथून म्हणाली, "आई, चुलीतून किती ठिणग्या उडताहेत, लुगडं सांभाळा."

चूल पेटवलीच नव्हती. राख काढून मी सारवलं होतं, अजून ओलं होतं.

मी म्हटलं, अगं, चूल कुठे पेटली आहे? ती डोळ्यांपुढे हात धरून म्हणाली, "या काय, सगळीकडे."

रुपीबाईच्या हातातली धार पातेल्याबाहेर गेली. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. आणि मला एकदम सगळं दिसलं. सुजलेलं तोंड, चावणाऱ्या बांगड्या, डोकं, ठिणग्या. भुरीचं. माझ्या घरात. माझ्या दारातच तिनं मला ते सांगितलं होतं, आणि मी त्यावर तिला गूळ दिला होता! रुपीबाई म्हणाली, "बाई, हेच होतं. हेच. उभ्या काहून राह्यल्या? पळा ना!"

मी पळाले. पण आधी न्हाणीमागे गेले. ती बाटली तिथेच पडली होती, पालापाचोळ्यात. राखेनं घासली, रजनीला धरून मोरीत नेलं. थेंब थेंब झाली, तीही चहासारखी लाल. मग ती बाटली हातात धरून भर बाजारातून गेले. पदराखाली झाकायचंसुद्धा सुचलं नाही. लोक बघत होते. सराफाच्या ओट्यावरून कोणीतरी हाक मारली, "काय द्वारकाबाई, फंडाचं का?" मी थांबले नाही.

दवाखान्यात नवे डॉक्टर अजून यायचे आहेत, नर्सबाई एकटीच. तिनं माझ्याकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं. मला वाटलं आता बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. काचेच्या नळीत थोडं घेतलं, स्पिरिटच्या दिव्यावर धरलं. वरचं सगळं पांढरं झालं, नासलेल्या दुधासारखं फाटलं. तिनं दिवा विझवला, पेटी उचलली न् म्हणाली, "घरी चला." घरी येऊन रजनीच्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, कान लावला. पुन्हा भरली. मग मला बाहेर बोलावून म्हणाली, "हे माझ्या हातचं नाही. यवतमाळ. आत्ताच्या आत्ता. झटके यायच्या आत."

सकाळची मोटार गेलेली. तहसीलदारांची जीप फंडाच्या दौऱ्यावर. हे धोतराचा सोगा हातात धरून जिनिंगकडे धावले, मी लग्न झाल्यापासून यांना धावताना बघितलं नव्हतं. कापसाचा ट्रक यवतमाळला निघालाच होता. ड्रायव्हर म्हणाला, वर बसा. कापसात खळगा करून रजनीला कुशीवर निजवलं. एका बाजूला नर्सबाई, एका बाजूला मी. ट्रक सुटताना बघितलं, रुपीबाई आमच्या दारातच बसली होती, चरवी मांडीत घेऊन.

कळंब आलं. चिंतामणीच्या दिशेनं हात जोडले न् मनात म्हटलं, देवा, मुलगा नको, काही नको, एवढी ही पोरगी मला ठेव. डोळे उघडले तर रजनीची नजर एका ठिकाणी थिजलेली. तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि मग सगळं अंग. माय गं. असं मी कधी बघितलं नाही. मी तिचे हात दाबून धरायला गेले, तर नर्सबाई ओरडली, "दाबू नका! कुशीवर ठेवा, तोंडातलं वाहू द्या बाहेर!" तिनं चमच्याला फडकं गुंडाळून दातांत धरलं. फेसात रक्त. अंगठीचं बोट निळं पडलं होतं. मी नुसती "रजनी, रजनी" करत होते. माझ्याशी अबोला धरून गेली असती पोरगी. म्हणजे मी धरलेला.

इथे आल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, सूज कधीपासून? मी म्हटलं, डोहाळजेवणापासून. पायावर खळी? दिवाळीत. डोकं? आठवडा होत आला. डोळ्यांना? गुरुवारी अक्षरं हलत होती. छातीखाली दुखणं, उलटी? गुरुवारीच. लघवी तपासली होती का? नाही म्हटलं, बाटली मीच फेकली होती. त्या लिहीत गेल्या, मी सांगत गेले. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ होतं. एकही गोष्ट पोरीनं माझ्यापासून लपवली नव्हती. मी सगळं बघत होते, कौतुकानं बघत होते.

शनिवारी पहाटे मुलगी झाली. दिवसांआधीची, तळहाताएवढी, रडली तेही मांजराच्या पिलासारखं. तिला कापसात गुंडाळून, दोन्हीकडे गरम पाण्याच्या बाटल्या ठेवून निजवली आहे. थेंब थेंब दूध कापसाच्या बोळ्यानं घालतात. रजनी अजून शुद्धीवर नाही. आणखी दोनदा झटके आले.

सदाशिव भिंतीला टेकून उभा असतो. माझ्याकडे बघत नाही, का मलाच तसं वाटतं, कळत नाही.

२० नोव्हेंबर, मंगळवार

तिला अंधाऱ्या खोलीत ठेवलं आहे. खिडकीला काळं फडकं. उजेड नको, आवाज नको, भांडं पडलं तरी झटका येईल म्हणतात. मला आत बसू देतात, पण एका अटीवर, एक अक्षर बोलायचं नाही. माझ्यासारखीला! पण बसते. बांगड्या वाजू नयेत म्हणून हाताला फडकं बांधलं आहे. पाटल्या नाहीत हे बरंच झालं.

दुपारी डोळे उघडले. मी जवळ गेले. म्हणाली, "कोणी दिवा लावा ना." काळ्या फडक्याच्या कडेनं चांगला उजेड येत होता, मला तिचं तोंड दिसत होतं. तिला माझं दिसत नव्हतं. बाहेर येऊन मी पदर तोंडात कोंबून रडले.

डॉक्टरीणबाई म्हणतात, बहुतेक येईल नजर परत. बहुतेक!

२२ नोव्हेंबर, गुरुवार

लढाई थांबली म्हणे. बाहेर ओट्यावर लोक पेपर वाचत आहेत, कोणी चिडलं आहे, कोणी सुटलो म्हणतं आहे. मी विचारलंसुद्धा नाही कोण हरलं.

काल रात्रीपासून तिला लघवी भरपूर होते. नर्सा भांडं भरून नेतात, मोजतात, न् मला देवाचं तीर्थ बघावं तसं वाटतं. तोंडाची सूज उतरते आहे. सकाळी माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, तुमच्या हाताला काय झालं?" फडकं दिसलं तिला. दिसलं!

मी बोलायचं नाही, म्हणून तिचा हात हातात घेऊन बसले. सहज अंगठीवर बोट ठेवलं. अंगठी फिरली. जराशीच, पण फिरली. मी दर थोड्या वेळानं फिरवून बघते आहे.

२८ नोव्हेंबर, बुधवार

अंगठी आज तिचं अंग पुसताना आपोआप माझ्या हातात आली. रजनी म्हणाली, "आता द्या फंडाला. मी खरंच ओढत होते हो त्या दिवशी."

मी तिच्यापुढे हात जोडले. सुनेपुढे. ती घाबरलीच, "आई, असं काय करता!" म्हणाली. मग नर्सेकडून पट्टीचा दोरा मागून घेतला, अंगठीला गुंडाळला न् पुन्हा तिच्या बोटात घातली. फंडाला मी माझं दुसरं काही देईन.

मुलगी दूध ओढते. अजून कापसातच आहे. नाव ठेवायचं नाही एवढ्यात, पण सदाशिव हळूच काहीतरी पुटपुटत असतो तिच्या कानाशी.

राळेगाव, ९ डिसेंबर, रविवार

काल घरी आलो, तिघीही. रजनीनं उंबरा ओलांडला तेव्हा यांनी तोंड फिरवून चष्मा पुसला.

आज रुपीबाई आली. दूध न घालताच आधी आत डोकावली, रजनीकडे बघितलं, बाळाकडे बघितलं. "जगली माय," म्हणाली न् मटकन पायरीवर बसली. मी तिला सगळं सांगितलं. बाटली, नळी, फाटलेलं पांढरं, काळोखी खोली, सुया. बोलतच सुटले, इतके दिवस तोंड बंद होतं ना. रुपीबाई ऐकत होती. मग विचारलं,

"मंग बाई, माह्या भुरीले बाहेरचं नवतं?"

 काय सांगू? खोटं सांगितलं असतं तर तिला सोपं गेलं असतं. भुतानं नेली म्हटलं की कोणाची चूक राहत नाही. पण तिच्याच बोलण्यानं माझी सून जगली. तिला मी खोटं कसं सांगू?

म्हटलं, नाही गं. आजारच होता. हाच.

"दवाखान्यात नेली असती तं?"

मी म्हटलं, कदाचित.

 ती आपल्याच तळहातांकडे बघत म्हणाली, "मी दाबून धरली होती तिले. जोरानं. सुटू नाई म्हनून." न् चरवी उचलून गेली. दूध घालायचं राहिलं.

मी मागून हाक मारली नाही. मारून काय सांगणार होते? मीही तेच करायला गेले होते, मला ओरडणारी कोणीतरी शेजारी होती एवढंच.

१२ डिसेंबर, बुधवार

दोन दिवस रुपीबाई आलीच नाही. दुधाचा दुसरीकडून रतीब लावला होता. वाटलं, आता कधी येणार नाही ती या दारात, आणि कशाला यावं तिनं?

आज सकाळी आली. एकटी नाही. मागे एक लाजरी पोर, घुंगट ओढलेला, पोट दिसत होतं. "हे रामी," म्हणाली, "माह्या धावजीची बायको. सातवा लागला." आणि त्या पोरीचा हात धरून माझ्यापुढे केला. मनगटापासून दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, भुरीच्या असतील तशाच.

"पाहा ना बाई. बोट घालून पाहा. चावत तं नाई ना?"

मी आंघोळ करून सोवळ्यात होते, हातात देवाची फुलं. फुलं कोनाड्यात ठेवली. त्या पोरीचा हात हातात घेतला न् एकेक बांगडी बघत गेले, मनगटापासून वर. रुपीबाई माझ्या बोटाकडे श्वास धरून बघत होती. प्रत्येक बांगडीखाली बोट गेलं. सहज गेलं. फिरलंसुद्धा. पायावर दाबून बघितलं, खळी नाही.

"नाही चावत," म्हटलं. "पण एवढ्यावर थांबायचं नाही."

आत गेले, नर्सबाईकडून परत मागून घेतलेली ती बाटली आणली. घासून, उकळून ठेवली आहे मी, कोनाड्यात, देवघराशेजारच्या. रुपीबाईला सांगितलं, उद्या सकाळची पहिली यात भरून आण. दवाखान्यात मी येते तुमच्याबरोबर.

"बाजारातून?" रामीनं घुंगटाआडून विचारलं. आवाज अगदी रजनीसारखा, लाजलेला.

म्हटलं, हो, बाजारातूनच. बाटली मी धरीन.